तीन पूर्णांक शून्य शून्य: मस्टँगच्या मागच्या अ‍ॅक्सलचा निर्णय

१९६६ ची मस्टँग कूपे, २८९ घन इंचाचे व्ही-८ इंजिन, दोन नळ्यांचा ऑटोलाइट कार्बोरेटर आणि तीन गतींचा सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एवढी ओळख पुरेशी आहे. गाडी ह्यूस्टनला आमच्या घरी आल्यापासून तिची एकच तक्रार होती. गावात ती हलक्या हाताने पळायची, पण आय-१० वर सॅन अँटोनिओच्या दिशेने निघाले की ताशी ७० मैलांवर, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरवर, टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या मापकाचा, काटा ३,५०० वर जाऊन बसायचा आणि दोनशे मैल तिथून हलायचा नाही. "ही गाडी आहे की पिठाची गिरणी?" असे सौ. कोलंबस गावापाशी म्हणाल्या. नंतर बोलणे थांबले, कारण बोलायचे तर ओरडावे लागत होते.

दोष इंजिनाचा नव्हता. आधीच्या मालकाने सिग्नलवरून उसळी मारण्याच्या हौसेपायी मागे ३.५५ चे क्राऊन-पिनिअन, म्हणजे चाकाच्या एका वळशाला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे ३.५५ फेरे घेणारी दातेरी जोडी, बसवले होते. अ‍ॅक्सलच्या बोल्टवरची धातूची पट्टी मात्र जुनीच होती आणि तिच्यावर ३.०० लिहिलेले होते. पट्टीवर विश्वास ठेवून मी दोन महिने कार्बोरेटर आणि टायमिंग यांच्याशी झटापट केली. अखेर मागची चाके उचलून, गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून, चाके हाताने फिरवून वळसे मोजले, तेव्हा खरी गोष्ट कळली. साठ वर्षांच्या गाडीची पट्टी वाचू नये, वळसे मोजावेत, एवढे मी शिकलो.

हिशेबासाठी टायरच्या आकड्यांवरून व्यास काढण्याची पद्धत मी मुद्दाम टाळली, कारण गाडीच्या वजनाखाली रेडियल टायर दबतो आणि कागदावरचा व्यास रस्त्यावर उरत नाही. माझे टायर २०५/७० आर १४ आहेत. हवा नेहमीएवढी भरून, टायरवर आणि जमिनीवर खूण करून गाडी सपाट गल्लीत ढकलली आणि चाकाचे पूर्ण दहा वळसे होईपर्यंतचे अंतर टेपने मोजले. ते ७७० इंच भरले, म्हणजे एका वळशाला ७७ इंच आणि एका मैलाला ८२३ वळसे. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, तेव्हा त्या वेगाला चाक मिनिटाला ८२३ वेळा फिरते आणि त्याला अ‍ॅक्सलच्या रेशोने गुणले की प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मिळतात. सी-४ च्या तिसऱ्या गतीत गुणोत्तर एकास एक असल्याने इंजिनाचे फेरेही तेवढेच, फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची घसर वरून धरावी लागते. या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर जखडण्याची सोय नसल्यामुळे हायवेवरही ही घसर राहते, आणि माझ्या गाडीत ती तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

या हिशेबाने ७० मैलांवर ३.५५ ला ३,४०९ फेरे येतात, ३.०० ला २,८८१ आणि २.८० ला २,६८९. घसर मिळवली की पहिला आकडा टॅकोमीटरच्या ३,५०० शी जुळतो, म्हणून बाकीच्या दोन्हींवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

आता प्रश्न ३.०० की २.८० असा होता, आणि माझा सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला. फोर्डने या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, २,४०० फेऱ्यांना २८२ फूट-पौंड असा दिला होता आणि ताकद ४,४०० फेऱ्यांना २०० अश्वशक्ती. हायवेवर इंजिन टॉर्कच्या माथ्याच्या किंचित वर चालत राहिले, तर चढावर किंवा समोरच्या वाऱ्यात वेग थोडा पडला तरी जोर घटत नाही, आणि गिअरबॉक्सला सारखे दुसऱ्या गतीत उतरावे लागत नाही. ३.०० घेतले तर ६० मैलांवर घसर न धरता २,४६९ फेरे येतात, म्हणजे माथ्याच्या अगदी जवळ पण अजून वरच. २.८० ला तोच आकडा २,३०४ होतो. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवणारही नाही, पण सॅन अँटोनिओच्या पश्चिमेला रस्ता चढू लागला, एसी चालू असला आणि गाडीत चार माणसे असली, की इंजिन माथ्याच्या खाली जाऊन दम टाकू लागते.

दुसरे कारण गावातले होते. सी-४ ची पहिली गती २.४६ ची आहे. तिला ३.५५ ने गुणले तर ८.७३ येतात, ३.०० ने ७.३८ आणि २.८० ने ६.८९. ऑगस्टच्या उन्हात फीडर रोडवरून, म्हणजे हायवेलगतच्या रस्त्यावरून, हायवेच्या गर्दीत शिरताना ६.८९ ची गाडी रेंगाळली असती, आणि मागून येणारा पिकअप ट्रक तिच्या वयाचा मान राखील याची खात्री नव्हती. २.८० ने हायवेवर आणखी दोनशे फेरे वाचले असते, पण त्यासाठी रोजचा चपळपणा घालवणे मला पटले नाही.

पुढे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टपेक्षा इंजिन हळू फिरू देणारी गती, बसवायचा विचार असेल, तर हा सगळा हिशेब उलटा होतो. टी-५ गिअरबॉक्सची पाचवी गती ०.६८ ची असते. तिच्यामागे ३.५५ असेल तर शेवटचे गुणोत्तर २.४१ येते आणि ७० मैलांवर इंजिन २,३०० च्या थोडे वर निवांत फिरते. ३.०० मागे ठेवले तर फेरे दोन हजारांच्या खाली जातात आणि पाचवी गती शोभेची उरते. म्हणूनच मी ३.५५ विकले नाही, तेल लावून पिशवीत बांधून ठेवले आहे.

महाराष्ट्रात जुनी सीजे-३बी जीप जपणाऱ्या मित्रांनाही हे गणित परके नाही. ५.३८ चे अ‍ॅक्सल आणि ६.००-१६ चे टायर असतील तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन ३,२०० च्या वर जाते. फरक इतकाच की फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमध्ये पुढचा अ‍ॅक्सलही त्याच रेशोचा करावा लागतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. या मस्टँगमध्ये फोर्डचा ८ इंची अ‍ॅक्सल आहे आणि त्याचा मोठा गुण असा की क्राऊन-पिनिअन, डिफरन्शियल आणि बेअरिंगे मिळून बनलेला मधला भाग, ज्याला इथे थर्ड मेंबर म्हणतात, दहा नट सोडले की समोरून अख्खा बाहेर येतो. त्याआधी ड्रम काढून, प्रत्येक बाजूचे चार नट सोडून अ‍ॅक्सल शाफ्ट ओढावे लागतात. मी जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका यार्डातून ३.०० चा थर्ड मेंबर आणला, शाफ्टच्या टोकावरच्या खाचांचे, म्हणजे स्प्लाइनचे, २८ दात जुळतात हे तिथेच पाहून घेतले, आणि घरी त्याची बेअरिंगे व पुढचे सील बदलले.

इथेच माझ्या हातून चूक झाली. पिनिअनच्या दोन बेअरिंगांमध्ये एक पातळ नळी, म्हणजे क्रश स्लीव्ह, असते. नट आवळत गेले की ती चुरडत जाते आणि बेअरिंगांवर हवा तेवढाच ताण बसवते. पिनिअन फिरवायला किती जोर लागतो यावरून तो ताण मोजतात, आणि मला २० इंच-पौंडांच्या आसपास थांबायचे होते. लांब दांडीने नट काही केल्या हलेना, म्हणून दांडीला पाइप लावला, आणि शेवटच्या पाव वळशात मोजमाप १२ वरून थेट ३८ वर गेले. एकदा चुरडलेली स्लीव्ह सैल होत नाही, नट मागे फिरवणे म्हणजे स्वतःची फसवणूक. नवी स्लीव्ह आणायला चार दिवस लागले, आणि दुसऱ्या खेपेला घड्याळाच्या काट्याएवढे एकेक पाऊल टाकत, प्रत्येक वेळी मोजत, २१ वर थांबलो.

पिनिअनची खोली ठरवणारी पातळ चकती, म्हणजे शिम, बदलली नाही, कारण जोडी जुनीच आणि एकमेकींना सरावलेली होती. ३.०० हा पूर्ण आकडा असल्याने पिनिअनचा प्रत्येक दात क्राऊनच्या त्याच तीन दातांशी आयुष्यभर भेटत राहतो. म्हणून जोडताना दोन्हींवरच्या खुणा जुळवणे आवश्यक असते. ३.५५ च्या ११ आणि ३९ दातांच्या जोडीत प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो, तिथे हे बंधन नाही. बाजूच्या आट्यांच्या नटांनी बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, १० थाउवर, म्हणजे ०.०१० इंचावर, आणला, डायल गेजने क्राऊनवर चार ठिकाणी तपासला, आणि दातांना पिवळा मार्किंग रंग लावून फिरवल्यावर ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे, उमटला. शेजारी राहणारे एक निवृत्त मशिनिस्ट चष्मा कपाळावर सरकवून ठसा बराच वेळ पाहत राहिले आणि नुसते "चालेल" म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठी दाद असते.

अ‍ॅक्सल बदलल्यावर दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या. स्पीडोमीटरच्या केबलचे प्लास्टिकचे गिअर २० दातांचे होते, ते १७ दातांचे केले. हिशेबाने १७.२८ हवे होते, त्यामुळे ७० ला काटा ७१ दाखवतो, आणि जीपीएसशी ताडून पाहिले तरी तेवढाच फरक येतो. दुसरे लक्षात यायला आठवडा लागला. सी-४ चा गव्हर्नर, म्हणजे वेग ओळखून गिअर बदलवणारा भाग, मागच्या शाफ्टवर असल्यामुळे गिअर आता पूर्वीपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक वेगाला बदलू लागले आणि गाडी दुसऱ्या गतीत उगाच रेंगाळू लागली. इंजिनावरच्या भारानुसार गिअर बदलण्याची वेळ पुढे-मागे करणाऱ्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा आतला स्क्रू एक वळसा सैल केल्यावर ते ताळ्यावर आले.

सॅन अँटोनिओची पहिली फेरी झाली. ७० मैलांवर काटा २,९५० च्या आसपास राहतो, आणि जाता-येता मिळून गॅलनला साडेसतरा मैल पडले, पूर्वी साडेपंधरा पडत होते. कोलंबसपाशी या वेळी आम्ही गप्पा मारत होतो. मात्र पाय उचलून ५८ वरून ५२ मैलांवर येताना मागून एक बारीक शीळ ऐकू येते, जोर लावला की ती थांबते. पाय उचलल्यावर दातांची जी उलट बाजू टेकते, तिच्या ठशात काही चुकले आहे का, हे पाचशे मैलांनंतर ९० नंबरचे तेल बदलताना पुन्हा रंग लावून पाहीन. तोवर तेलाच्या बुचाच्या चुंबकावर काय जमते, इकडे लक्ष आहे.