दसऱ्यापर्यंत थांबले असते तर

अनंत चतुर्दशीला बादलीत गणपती विसर्जित करून दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी १० सप्टेंबर २०२२ ला संध्याकाळी, मी अमेरिकेतल्या लिंकन शहराच्या मेमोरियल स्टेडियममध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर जाऊन बसलो आणि नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ जॉर्जिया सदर्न नावाच्या, इथल्या लोकांच्या लेखी चिल्लर असलेल्या संघाकडून ४५-४२ असा हरताना पाहिला. रविवारी प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढून टाकल्याची बातमी आली. आज गुरुवार उजाडला तरी ऑफिसात, किराणा दुकानात आणि दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातसुद्धा दुसरा विषय नाही.

हरल्याचे मला फारसे दुःख नाही, असे मी रविवारपर्यंत सगळ्यांना सांगत होतो. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेला माणूस आहे. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, तालमींच्या संघांची ईर्ष्या आणि पायाने खेळायचा चेंडू, एवढेच मला ठाऊक होते. हेल्मेट घालून हाताने खेळायच्या या प्रकाराला फुटबॉल का म्हणतात, हा प्रश्न मी इथे पाच वर्षे विचारतो आहे. मला खटकला तो आकडा. करारानुसार फ्रॉस्ट यांना १ ऑक्टोबरच्या आधी काढले तर त्यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागणार होते आणि १ ऑक्टोबरनंतर काढले तर ७५ लाख. विद्यापीठाने ११ सप्टेंबरला काढले. म्हणजे वीस दिवस धीर धरवला नाही म्हणून वरचे ७५ लाख डॉलर गेले. त्या दिवशीच्या भावाने ते साधारण ६० कोटी रुपये होतात, म्हणजे दिवसाला ३ कोटी. हा हिशेब मी रविवारी रात्री वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिला आणि तिन्ही वेळा तोच आला.

काकांना फोनवर सांगितले तेव्हा ते आधी गप्प झाले, मग म्हणाले, “पितृपक्षात कोण माणूस काढतंय रं? दसऱ्यापर्यंत थांबायला काय झालं हुतं?” काकांना ना हा खेळ ठाऊक, ना नेब्रास्का कुठे आहे ते ठाऊक, पण दसरा यंदा ५ ऑक्टोबरला आहे आणि तोपर्यंत थांबले असते तर काम निम्म्यात झाले असते, हे त्यांना एका क्षणात कळले. ते इथल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला कळले नाही असे नव्हे, कळूनही त्यांनी हे केले, आणि ज्यांच्या तिकिटांतून आणि देणग्यांतून हा विभाग चालतो त्या लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मला चार दिवस झोंबते आहे ते हे. आपल्याकडे नगरपालिकेने साधा गतिरोधक चुकीच्या जागी घातला तरी आपण किती पैसे पाण्यात गेले ते मोजत बसतो. इथे पाच-दहा डॉलरच्या सवलतीसाठी वर्तमानपत्रातली कुपने कापून ठेवणारी माणसे ६० कोटींबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

आमचे शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, आणि शनिवारचे तिकीटही त्यांचेच होते. त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या, पूर्ण हंगामाच्या तिकिटांच्या दोन जागा वारशाने त्यांच्याकडे आल्या आहेत. त्यांच्या पत्नीने यंदा “मला आता सोसवत नाही” असे सांगून जायचे सोडले, म्हणून दुसऱ्या जागेवर माझी वर्णी लागली. सोमवारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना मी त्यांना माझा हिशेब सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला. कराचा पैसा यात नाही, दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न प्रचंड आहे, आणि आम्ही ज्या बिग टेन गटात खेळतो त्याने गेल्याच महिन्यात सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला आहे, असे त्यांनी मला समजावले. हे सगळे खरेच आहे. मग डब्याचे झाकण लावत ते म्हणाले, “शनिवारी ओक्लाहोमाचा संघ येतोय. त्यांच्यासमोर आमच्या बाजूला फ्रॉस्ट उभा आहे, हे मला बघवलं नसतं.” घरी कार्य असताना सोयऱ्यांपुढे कोणाला पुढे करायचे आणि कोणाला मागच्या खोलीत बसवायचे याचा विचार करणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यासाठी कोणी ६० कोटी मोजलेले मात्र पाहिले नव्हते.

अर्थात हा खेळ इथे नुसता खेळ नाही, हे मान्य करायला हवे. साऱ्या नेब्रास्का राज्याची वस्ती २० लाखांच्या आत आहे, म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याहूनही कमी, आणि त्यांचा स्वतःचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ. ३ नोव्हेंबर १९६२ पासून या स्टेडियममधला प्रत्येक सामना ‘हाऊसफुल्ल’ आहे, आणि सामन्याच्या दिवशी आत बसलेली ८५ हजारांहून अधिक माणसे मोजली तर ओमाहा आणि लिंकन सोडून राज्यात एवढे मोठे दुसरे गाव नाही. १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे या संघाच्या नावावर आहेत. शेवटची तीन टॉम ऑस्बोर्न यांच्या काळातली. पंचवीस वर्षांत २५५ सामने जिंकून हे गृहस्थ निवृत्त झाले आणि पुढे अमेरिकेच्या संसदेतही निवडून गेले. २०२२ मध्ये राज्यपालाचा वार्षिक पगार एक लाख पाच हजार डॉलर होता. फ्रॉस्ट यांना वर्षाला ५० लाख डॉलर मिळत होते, आणि गेल्या नोव्हेंबरात ते ४० लाखांवर आणले तेव्हा तो त्यांचा त्याग म्हणून गौरवला गेला होता.

आणि फ्रॉस्ट हे तर घरचेच. वुड रिव्हर या इथल्याच छोट्या गावचा मुलगा. आई १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत उतरलेली. तो आधी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकायला गेला तेव्हा इथल्या लोकांना राग आला, परत आला तेव्हाही काही काळ त्याची हुर्यो उडवली गेली, आणि १९९७ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मैदानावर विजेतेपद आले तेव्हा सगळे विसरले गेले. २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाचा संघ त्याने एकही सामना न हरता नेला आणि त्याच डिसेंबरात तो इथे प्रशिक्षक म्हणून परतला. मला या देशात येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. ऑफिसातल्या एरवी हवामानाखेरीज काही न बोलणाऱ्या बाईंनी त्या सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन “आमचा मुलगा घरी आला” असे सांगितले. मी बापडा त्यांचा मुलगा सैन्यात असेल असे समजून अभिनंदन केले.

त्या आनंदाचे पाच वर्षांत काय झाले, ते आकड्यांत सांगायचे तर १६ विजय आणि ३१ पराभव. हरण्याची तऱ्हाही अशी की पाहणाऱ्याने हात चोळत बसावे. २०२१ च्या हंगामात नऊ पराभव झाले आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी झाले. एका फटक्यात फिरू शकतील अशा चुरशीच्या सामन्यांत फ्रॉस्ट यांच्या संघाने पाच जिंकले आणि बावीस घालवले. यंदाचा पहिला सामना तर आयर्लंडला, डब्लिनमध्ये होता. तिथे नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू जवळच मारून पुन्हा आपल्याकडेच मिळवण्याचा अवसानघातकी डाव केला, तो फसला, आणि सामना ३१-२८ असा गेला. त्या दिवशी तिथल्या स्टेडियममधले इंटरनेट बंद पडल्यामुळे बिअर फुकट वाटली गेली. नेब्रास्काहून गेलेल्या हजारोंच्या पदरात पडले ते तेवढेच.

शनिवारचा सामना मात्र मी स्वतः पाहिला आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. शेजारीबुवांनी बसायला लाल गादी आणली होती आणि एका कानात छोट्या रेडिओची वायर होती, कारण डोळ्यांना दिसते ते खरे आहे की नाही याची खात्री त्यांना समालोचकाकडून करून घ्यावी लागते. पहिले गुण झाले तेव्हा ते सवयीने वर पाहू लागले. इथे संघाचे पहिले गुण झाले की हजारो लाल फुगे आकाशात सोडण्याची जुनी प्रथा होती. २०२२ च्या हंगामात हेलियमच्या टंचाईमुळे फुगे बंद होते. रिकाम्या आकाशाकडे क्षणभर पाहून त्यांनी मान खाली घातली आणि कागदातला रंझा सोलायला घेतला. रंझा म्हणजे कोबी आणि खिमा भरलेला लांबट पाव. कोल्हापूरच्या जिभेला तो आजाऱ्याचे जेवण वाटतो, पण इथे त्याबद्दल असे बोलण्याची सोय नाही.

समोरच्या संघाचे प्रशिक्षक क्ले हेल्टन हे स्वतः वर्षभरापूर्वी, बरोबर सप्टेंबरातच, कॅलिफोर्नियातल्या एका बलाढ्य संघाने काढून टाकलेले. त्यांच्या मुलांनी ६४२ यार्डांची मजल मारली. तरीही सामना संपायला तीन मिनिटे असताना नेब्रास्का ४२-३८ असे पुढे होते. घरच्या मैदानावर ३५ किंवा त्याहून अधिक गुण केल्यावर हा संघ तोवर एकदाही हरला नव्हता. असे २१४ सामने झाले होते आणि सगळे जिंकले होते, हे शेजाऱ्यांनी मला रेडिओवरून ऐकून सांगितले. ३६ सेकंद उरले असताना जॉर्जिया सदर्नने पुन्हा गुण केले. शेवटी ५२ यार्डांवरून मारलेला चेंडू खांबांच्या बाहेरून गेला, आणि मग एवढ्या माणसांतून जो आवाज आला तो आरडाओरडा नव्हता. लग्नाच्या मांडवात वीज गेल्यावर येतो तसा एक लांब उसासा होता. हुर्यो नंतर उठली, तीही आपल्याच बाजूकडे तोंड करून. शेजारी उभे राहिले, त्यांनी रेडिओची वायर बोटाला गुंडाळून खिशात घातली आणि आत जाणाऱ्या पाहुण्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवल्या. ही इथली रीत आहे. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ हरल्यावर समोरच्या तालमीसाठी मी कधी टाळ्या वाजवल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे त्या वेळी घरी कोणत्या गल्लीतून जायचे याचा विचार चाललेला असायचा. पण मग आमच्याकडे कोणा प्रशिक्षकाला दीड कोटी डॉलर देऊन घरीही बसवले जात नाही, हेही तितकेच खरे.

परतताना गाडी पार्किंगमध्ये पाऊण तास अडकली होती, तेव्हा शेजाऱ्यांनी एक गोष्ट कबूल केली. २००३ मध्ये फ्रँक सोलिच नावाच्या प्रशिक्षकाला नऊ सामने जिंकूनही काढले, त्या वेळी काढा म्हणणाऱ्यांत ते स्वतः होते. पुढे बो पेलिनी सात हंगाम राहिले, दर हंगामात त्यांनी किमान नऊ सामने जिंकले, आणि २०१४ मध्ये तेही गेले. तेव्हाही नऊ कमीच वाटले होते. “आता सहा मिळाले तरी आम्ही रस्त्यावर नाचू,” असे म्हणून त्यांनी गाडी दोन हात पुढे घेतली. २०१६ नंतर तोवर हंगामाअखेरचा मानाचा सामनासुद्धा या संघाच्या नशिबी आला नव्हता.

त्या ‘हाऊसफुल्ल’च्या विक्रमाचेही एक गुपित आहे, आणि ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. २०२१ पासून न खपलेली तिकिटे देणगीदार विकत घेतात आणि गरजू मुलांना वाटतात. मुलांना सामना बघायला मिळतो, हे चांगलेच. पण विक्रम त्यामुळे टिकतो, हेही आहेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हण मी शेजाऱ्यांना समजावून सांगितली तेव्हा ते खूप हसले, आणि मग, हे बाहेर कुठे बोलू नकोस, असे म्हणाले.

काल रात्री काकांचा पुन्हा फोन आला. फ्रॉस्टची सगळी कथा त्यांना आता पाठ झाली आहे. ते म्हणाले, “गावचा पोरगा गावात परत आला, तर त्याला असं वागवायचं असतंय व्हय?” त्यांच्या या वाक्याचा रोख नेब्रास्काकडे नव्हता, हे मला समजते, दर दिवाळीला तो विषय निघतोच. मी त्यांना सांगितले की दुसरा कोणी असता तर तीन वर्षांत गेला असता, घरचा होता म्हणून पाच वर्षे चालवून घेतले, आणि घरचा होता म्हणूनच त्याच्याकडून पाचही विजेतेपदे परत आणण्याची अपेक्षा होती, जी बाहेरच्याकडून कोणी केली नसती. बाहेर नाव काढलेल्या माणसाने ते नाव घेऊन घरी यावे आणि घरच्यांनी त्याच्यावर सगळा गाडा टाकावा, यात त्याचे काय चुकले, असेही मी जरा मोठ्या आवाजात विचारले. काका म्हणाले, “तुझं सांगत न्हाई मी, त्या कोचचं चाललंय.” मग आम्ही पावसाबद्दल आणि पंचगंगेच्या पाण्याबद्दल बोललो.

ओक्लाहोमाचा सामना परवा सकाळी ११ वाजता आहे. मिकी जोसेफ हे हंगामी प्रशिक्षक म्हणून उभे राहतील. १९७१ मध्ये याच ओक्लाहोमाला नेब्रास्काने ३५-३१ असे हरवले होते, आणि त्या सामन्याची गोष्ट शेजारी अशी सांगतात, जणू तो गेल्या आठवड्यातच झाला. त्यांच्या पत्नी यंदा येणार नाहीतच, म्हणून मीच परवाचे तिकीट मागून घेतले आहे. त्यांनी पैसे घेतले नाहीत. सकाळी आठला पार्किंगमध्ये गाडीचा मागचा दरवाजा उघडून सगळे खायला बसतात. तिथे रंझाला पर्याय म्हणून मी कांदेपोहे नेणार आहे, तिखट बेताचे. बायकोने काल दुकानातून परतताना माझ्यासाठी लाल गादी आणली. अठरा डॉलरची होती. महिनाअखेरीस निम्म्यात मिळाली असती, पण सामना परवा आहे.