आमची वाटचाल : शेगडीवरच्या सळईपासून बंपरपर्यंत

आमच्या प्लास्टिक सांधायच्या धंद्याची सुरुवात बादलीपासून झाली, आणि तीही माझी नव्हे, मामांची. मामा आठवडी बाजारात पोतं अंथरून बसायचे. पुढ्यात कोळशाची शेगडी, तिच्यात चपट्या तोंडाच्या तीन-चार सळया, शेजारी फुटक्या बादल्या-टबांच्या तुकड्यांची गोणी. कुणी बादली आणली की मामा चीर कुठवर गेलीय ते बोटाने चाचपायचे, मग गोणीतून त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा शोधायचे. लाल बादलीला निळं ठिगळ चालेल, जात चुकलेली चालणार नाही. जात ओळखायची नखाने आणि नाकाने. नखाचा ओरखडा उठला तर मऊ जात, नाही उठला तर कडक. कड सळईला टेकवून मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर काम घ्यायचं, नाकाला झोंबला तर बादली परत.

मी मात्र मामांच्या हाताखाली शिकलो नाही. दहावीनंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात चिकटलो. तिथे बंपर फुटला की बदलायचा, एवढंच. मागच्या बाजूला फुटक्या बंपरांचा ढीग असायचा आणि भंगारवाला तो किलोवर न्यायचा. २००९ साली एका गिऱ्हाइकाला बंपर मिळायला दीड महिना लागणार होता आणि घरात लग्न आठ दिवसांवर. मालक म्हणाले, "बघ रे, तुझा मामा बादल्या जोडतोय न्हवं?" रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून साठ वॅटचं सोल्डरिंग आयर्न मागून आणलं आणि ढिगातल्या बंपरच्या काड्या कापून चीर भरली. दिसायला गचाळ झालं, पण रंगाखाली झाकलं गेलं. वरात त्याच गाडीतून निघाली.

२०१२ला स्वतःचा गाळा भाड्याने घेतला. दहा बाय बारा. भांडवल म्हणजे दोन आयर्न, एक ड्रिल, कानशी आणि पंख्याचा जुना रेग्युलेटर. रेग्युलेटर आयर्नच्या वायरीत बसवला होता, उष्णता कमी-जास्त करायला. प्लास्टिक वितळलं पाहिजे, जळता कामा नये. धूर निघाला की समजायचं, हात उशिरा उचलला. जळालेलं प्लास्टिक भरून जागा भरते, सांधा होत नाही. तांब्याचं बिट, म्हणजे आयर्नचं तापणारं टोक, हातोडीने चपटं करून कानशीने घासून त्याला उलथन्यासारखं तोंड दिलं. तेच बिट पुढे चार वर्षं वापरलं.

कामाची पद्धत सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही वरून लांबी (पुट्टी) फासतो. आधी चिरेच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. चिरेचं टोक सुईसारखं असतं, गाडीच्या हादऱ्याने सगळा ताण तिथेच येतो आणि चीर पुढे सरकते. गोल भोकाशी तो ताण पसरतो. मग चिरेला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. आधी मागची बाजू : बिट निम्म्या जाडीपर्यंत दाबून दोन्ही कडा एकमेकींत मिसळायच्या, वर स्टीलची जाळी गरम करून रुतवायची, तिच्यावर काडी वितळवून झाकायची. हे सगळं थंड झाल्यावर पुढची बाजू. घाईने पाणी मारलं की पत्रा वाकडा होतो. (प्लास्टिकच्या भागालाही आमच्याकडे पत्राच म्हणतात, सवय.) पहिली जाळी मी आईच्या पिठाच्या चाळणीतून कापली होती. ती गंजणारी निघाली, दुसऱ्या पावसाळ्यात रंगाखालून तांबडे ठिपके वर आले. चाळण गेली ती गेलीच, शिवाय गिऱ्हाइकाला बंपर फुकट करून द्यावा लागला.

पण खरा धडा दुसऱ्याच बंपरने दिला. एका काकांच्या गाडीचा तो बंपर, मागची प्लास्टिकची जात सांगणारी खूण घासून गेलेली. मामांची पद्धत मला जुनाट वाटायला लागली होती. कुणीतरी सांगितलं होतं की तुकडा पाण्यात टाकायचा. तरंगला तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन), बुडाला तर एबीएस; दोन्ही प्लास्टिकच्याच जाती. टाकला, बुडाला. एबीएसची काडी वापरली, घासून-पुसून रंग दिला, पैसे घेतले. काका गगनबावड्याला जाऊन आले तर सांधा सालीसारखा सुटून लोंबत होता. काडी काडीच्या जागी अख्खी, बंपर बंपरच्या जागी. पीपीला एबीएस कधी धरतच नाही. मग तो बुडाला कसा? नंतर कळलं : बंपरच्या पीपीत ताठपणासाठी टाल्कची पूड मिसळतात. वीस टक्के टाल्क असली की पीपी पाण्यापेक्षा जड होतं. खूण शाबूत असती तर तिथे 'पीपी, ईपीडीएम, टी २०' (ईपीडीएम म्हणजे रबर, टी २० म्हणजे वीस टक्के टाल्क) असं काहीतरी वाचायला मिळालं असतं. नुसती कड जाळून बघितली असती तरी भागलं असतं. एबीएसचा धूर काळाकुट्ट, काजळी उडते; पीपी मेणासारखं थेंब थेंब गळतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. फक्त नाकावर बोट ठेवलं.

तेव्हापासून काड्यांचं खातं आईकडे. भंगारातून आणलेले तुकडे ती खुणेप्रमाणे वेगळे करते, जसे तांदळातले खडे, आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवते. खूण नसलेला तुकडा ती घेतच नाही. माझ्यापेक्षा कडक आहे.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाव तुटलं. आमच्या गाळ्यात पाणी शिरलं नाही, पण ओसरल्यावर आंबेवाडी-चिखलीकडून टेम्पोने माल यायला लागला : स्कूटरची पॅनेलं, वॉशिंग मशीनची झाकणं, म्हशींचे आंबोणाचे टब, गच्चीवरून वाहून गेलेल्या पाण्याच्या टाक्या. एवढ्या टाक्या आम्ही आधी कधी हाताळल्या नव्हत्या. टाकीला आयर्न पुरत नाही, हॉट एअर गन लागते. ती तेव्हाच घेतली. नव्या टाक्या छान सांधल्या. जुन्या ऊन खाल्लेल्या होत्या, नखाने खरवडलं की पांढरी भुकटी यायची. अशा टाकीवर सांधा बसतो, पण शेजारी नवी चीर जाते. त्या परत पाठवताना लोकांची तोंडं बघवत नव्हती. दर निम्मे केले होते, तरी त्यातली बरीच उधारी वहीतच आहे. ती पानं आता उलटत नाही.

टाळेबंदीत गाळा बंद, आणि उघडल्यावर सुटे भाग मिळेनात. तेव्हा कायनेटिक होंडासारख्या बंद झालेल्या गाड्यांचे शौकीन आम्हाला सापडले, की आम्ही त्यांना, कोण जाणे. हल्ली पुण्याहूनही पॅनेलं पार्सलने येतात.

शेतकऱ्यांचे पाठीवरचे फवारणी पंप हे आमचं दुसरं मोठं काम. टाकी जाड, एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची, सांधा झकास बसतो. पण एकदा औषधाचा अंश राहिलेली टाकी तापवली आणि मी व कामावरचा पोरगा दोघंही दुपारभर डोकं धरून बसलो. आता पाटी लावलीय : पंप तीन पाण्यांनी धुऊन आणा. तरी काही दादा न धुताच आणतात आणि "वास कुठं येतोय?" म्हणून वर विचारतात. ते पंप आम्ही दारातूनच परत करतो. एक्झॉस्ट पंखाही त्यानंतरच बसवला. तो आधीच बसवायला हवा होता.

काही कामं घेतच नाही. हेल्मेट सांधत नाही. पैसे दुप्पट देतो म्हणालात तरी नाही. पीव्हीसीला आयर्न लावत नाही, त्याचा धूर छातीत जातो. रेडिएटरची नायलॉनची टाकी एकदा करून बघितली. आत काचतंतू, वर गरम पाण्याचा दाब, घाटात गळाली. पुन्हा नाही. नुसत्या गरम पिना ठोकून स्वस्तात देणारे पुष्कळ झालेत. पिना आम्हीही वापरतो, पण सांध्याच्या जोडीला. नुसत्या पिनांचं काम म्हणजे फाटलेल्या शर्टाला टाचण्या लावणं.

आज गाळे दोन आहेत आणि माणसं पाच. मामा दुपारी येऊन बसतात. बादल्या अजून येतात, त्या ते कुणाला हात लावू देत नाहीत. शेगडी गेली, आता सळई गॅसच्या बर्नरवर तापते. रेग्युलेटर लावलेलं आयर्न दिलं तर म्हणतात, "ह्येला चटकाच न्हाई."

गाडी आणताना एवढंच करा : तुटलेला कान (भाग गाडीला अडकवायची पट्टी) किंवा निघालेला तुकडा फेकू नका, पिशवीत घालून बरोबर आणा. तोच असला तर काम तासाभरात होतं, नाहीतर नवा कान घडवायला अख्खा दिवस जातो. सोमवारी आम्ही बंद असतो.