मिरीची घुंगरं

मी पुण्यात घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. फ्लॅटमधल्या पिल्लांसाठी बोलावणं येतं ते बहुतेक वेळा शू-शीच्या सवयीसाठी. जमिनीलगतच्या घरातलं पिल्लू दार उघडं दिसलं की अंगणात पळतं. चौथ्या मजल्यावरच्या पिल्लाला मात्र दार, लिफ्ट आणि माणूस अशा तिन्ही गोष्टी लागतात, म्हणजे माणसाला कळवणं आलंच. त्यासाठी मी दाराच्या कडीला पिल्लाच्या नाकाला लागतील अशी घुंगरं बांधते.

मिरी देशी, पाच महिन्यांची. लसी पूर्ण झाल्यावर तिचं बाहेर जाणं सुरू झालं आणि घुंगरं ती फार पटकन शिकली. आधी नुसतं नाक लावलं की उकडलेल्या चिकनचा कण. मग खाली न्यायच्या प्रत्येक वेळी, म्हणजे झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर, घुंगरं वाजली की लगेच दार उघडायचं. तडक ठरलेल्या जागी जायचं, शू झाली की तिथल्या तिथे, त्याच क्षणी खाऊ. घरी परत आल्यावर दिलेल्या खाऊचा शूशी संबंध पिल्लाला लागत नाही. घुंगरं वाजवून खाली गेल्यावर काहीच केलं नाही, तर पाचेक मिनिटांत न रागावता वर यायचं आणि खेळ टाळायचा, नाहीतर घुंगरं म्हणजे फिरायला जायची चावी होऊन बसते.

हा शेवटचा नियम त्या घरानं मनापासून पाळला होता. म्हणूनच आजींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वैतागलेला होता. "अहो ताई, दर पंधरा मिनिटांनी वाजवते. खाली नेलं की नुसती बसते आणि उठते. नाटकं आहेत सगळी. काल काढून ठेवली घुंगरं."

दुपारी मी पोचले तेव्हा दारासमोरचं पायपुसणं वाळत घातलं होतं. आजी फरशी फिनाइलनं पुसत होत्या. तो वास आपल्यापुरता शूचा वास झाकतो, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि कोपऱ्यात बसून मिरीकडे पाहत राहिले. थोड्या वेळानं ती उठली, दाराशी गेली, कडीखाली जिथे घुंगरं असायची तिथे नाक नेलं, खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मग आमच्याकडे वळून पाहिलं आणि तिथेच बसून चार थेंब शू केली. ते पाहून माझ्या पोटात कालवलं. तिला शिकवलेलं सगळं तिनं केलं होतं. सांगायची वस्तूच आम्ही काढून घेतली होती.

तिला घेऊन खाली गेलो. आवारात तिचे दोन दोस्त खेळत होते, तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. खेळायच्या ओढीनं घुंगरं वाजवणारं पिल्लू असं वागत नाही. ती बसली, थेंबभर झाली, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा बसली, मग मागे वळून चाटत राहिली. मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाल्याची शंका यायला एवढं पुरेसं होतं. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यांना हा त्रास जास्त होतो. पण निदान हे डॉक्टरांचं काम. आजींनी लांब दांड्याची स्टीलची पळी उकळत्या पाण्यातून काढून दिली, ती मी मिरी बसताक्षणी खाली सरकवली. मिळाली तेवढी शू स्वच्छ डबीत भरून आम्ही तिघी रिक्षानं दवाखान्यात गेलो.

तपासणीत जंतू आणि पू-पेशी निघाल्या. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि बरं वाटू लागलं तरी मध्येच सोडू नका, असं बजावलं. परतताना रिक्षात आजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "दुखत होतं म्हणून बोलवत होती गं ती."

घरी येताच त्यांनी स्वतः घुंगरं बांधली. औषध सुरू असेपर्यंत ती वाजली की दर वेळी खाली न्यायचं, पाच मिनिटांचा नियम तोवर बाजूला, असं आम्ही ठरवलं. आजींच्या गुडघ्यांना एवढ्या फेऱ्या झेपत नाहीत. म्हणून नातवानं दुपार घेतली, सुनेनं रात्र, आणि शू किती वाजता झाली ते कॅलेंडरवर लिहायचं काम आजींनी स्वतःकडे ठेवलं. काही दिवसांनी दोन नोंदींमधलं अंतर वाढत पूर्वीसारखं झालं, तसा त्या पानाचा फोटो त्यांनी मला पाठवला.