तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशी विद्यार्थी आणि एक क्विंटल कापूस

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडचे प्राध्यापक आणि गावात काम करणारे कार्यकर्ते एक प्रश्न हमखास विचारतात. "बाहेरच्या विद्यापीठाचा गट तीन आठवडे आमच्या गावात राहणार आहे. बारा मुलं-मुली. त्यांना शिकवायचं काय? आणि भाषाच येत नाही, तर शिकवायचं कसं?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. एकच गोष्ट शिकवा आणि ती तळापासून शिकवा. वऱ्हाडात असाल तर कापूस. भंडारा-गोंदियाकडे असाल तर धान आणि मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नेहमीचा कार्यक्रम असा असतो: पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत सत्कार, दुसऱ्या दिवशी शाळा, तिसऱ्या दिवशी बचत गट, मग एक दिवस सेवाग्राम, एक दिवस ताडोबा. मुलं खूश होतात, फोटो भरपूर निघतात, पण परत जाताना एकाही गोष्टीचा हिशोब त्यांना धड मांडता येत नाही. त्यांनी खेडं पाहिलेलं असतं, शिकलेलं नसतं.

यात आपल्या पदरचं नवीन काही नाही. १९३७ साली वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून गणित, भूगोल, इतिहास शिकवायचा, हा तिचा गाभा. टकळी आणि कापूस हीच तिथली पाठ्यपुस्तकं होती. तीच वाट परदेशी मुलांसाठी आजही सगळ्यात सरळ आहे, कारण भाषा अडली तरी हात अडत नाहीत.

महिना जानेवारी धरा. कापसाचा दुसरा-तिसरा वेचा चालू असतो, तूर सोंगणीला आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी टोपी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा गट आणूच नका. जुलैत काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलवत नाही, आणि पांदण रस्ते, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटा, बंद असतात.

बाराचा गट एकत्र कधी फिरवू नका. बारा गोरे चेहरे एका अंगणात गेले की अख्खी शाळा मागे येते, घरची बाई घाईघाईने चहा ठेवते, घरचा माणूस बोलायच्या ऐवजी भाषण करतो. तिघा-तिघांचे चार गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर त्याच तालुक्यातला एक शिकणारा मुलगा किंवा मुलगी द्या. बायकांशी बोलायचं असेल तर मुलगीच द्या. हे जमलं नाही, तर बाकीचं सगळं जमूनही उपयोग होत नाही.

पहिला धडा बोंडाचा. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात एक फुटलेलं बोंड द्या आणि एक हिरवं. फुटलेल्या बोंडात चार किंवा पाच फाकी असतात. त्या मोजायला लावा, मग सरक्या, म्हणजे बिया, मोजायला लावा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवा. एका बोंडातून साधारण चार-पाच ग्रॅम कापूस निघतो. हिरवं बोंड चाकूने उभं कापा. जानेवारीतल्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांवर, तीन-चार बोंडांपैकी एखाद्यात गुलाबी अळी सापडतेच: आत बारीक गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई, म्हणजे सरकीवरचा धागा, पिवळट डागाळलेली. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर तेही तिचंच काम. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, म्हणून तर शेतकऱ्याला उशिरा कळतं. फुलं असतील तर डोमकळीही दाखवा. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून चिकटलेल्या असतात आणि आत अळी असते.

मुलं बीटी कापसाविषयी, म्हणजे जनुकबदल केलेल्या कापसाविषयी, वाचून आलेली असतात, बाजूने किंवा विरोधात मत बनवून आलेली असतात. भारतात बीटीला २००२ साली परवानगी मिळाली. ते बियाणं बोंडअळ्या मारण्यासाठीच आलं होतं आणि आज त्याच पिकात गुलाबी अळी तळहातावर वळवळताना दिसते. तिने प्रतिकारशक्ती कशी मिळवली, बीटी नसलेल्या बियाण्याच्या आश्रय ओळी बांधावर का लावल्या गेल्या नाहीत, फरदड घेतल्याने, म्हणजे हंगाम संपला तरी तीच झाडं शेतात ठेवल्याने, अळीला पुढच्या हंगामापर्यंत खाणं कसं मिळत राहतं, हे प्रश्न मग मुलं आपणहून विचारतात. कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारा सापळा, दाखवा आणि हिशोब सांगा: सापळ्यात रोज आठ पतंग असे सलग तीन दिवस आले, की फवारणीची वेळ झाली. सापळा मोजायचं काम एका गटाला रोजचं लावून द्या.

दुसरा धडा वेचणीचा. विद्यार्थ्यांनी वेचणाऱ्या बायांच्या ओळीत, त्यांच्याच वेळेला, कमरेला कापडाची ओटी बांधून उतरायचं. पूर्ण दिवस नको, तीन तास पुरेत. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटांची नखं आणि कातडी सोलवटतात. नवख्याच्या ओटीत तीन तासांत दोन किलो पडला तर खूप. हात बसलेली बाई दिवसाला चाळीस किलोच्या आसपास वेचते. आता आदल्या दिवशीचा आकडा काढा. एका बोंडाला चार-पाच ग्रॅम, तर चाळीस किलोला आठ ते दहा हजार बोंडं. तेवढ्या वेळा वाकून, बोटं घालून, कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाचोळा बाजूला ठेवून. मजुरी किलोवर असते. हा गुणाकार विद्यार्थ्याने स्वतः वहीत केला की शेतमजुरीवर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. एक सांगून ठेवा: विद्यार्थ्यांनी वेचलेला कापूस ज्या बाईच्या ओळीत वेचला, तिच्याच नावावर मोजायचा. तिचा वेळ आपण घेतलेला असतो.

तिसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम कापूस द्या, लाकडी पाटी द्या आणि गुळगुळीत लोखंडी सळई. सळई फिरवली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. तास-दीड तास लागतो. वजन केलं तर रुई चौतीस ग्रॅमच्या आसपास भरते, बाकी सरकी आणि थोडी घट. आकडा जुळला नाही तर बहुतेक वेळा दोष ओलीचा असतो. सकाळच्या दवात वेचलेला कापूस जड भरतो. हीच ओल पुढे बाजारात आडवी येते. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्के ओलावा धरून भाव असतो, त्याच्या वर कपात, बारा टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. केंद्रावर मीटर घालून ओलावा मोजतात, तो क्षण विद्यार्थ्यांना जवळून दाखवा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. खासगी व्यापारी काय देतो आणि तरी लोक त्याला का घालतात, हे विचारायला लावा. उत्तर असतं नगदी पैशाचं आणि आधीच्या उधारीचं.

जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, घोळ होतो तो गाठीचा. आपली गाठ १७० किलोची. अमेरिकेतली ४८० पौंडांची, म्हणजे २१८ किलोच्या जवळपास. विद्यार्थी अमेरिकी अहवालातले गाठींचे आकडे घेऊन येतो, आपले आकडे त्यांच्याशेजारी मांडतो आणि सगळी तुलना चुकते. सगळं आधी किलोत आणा. १७० किलो रुईला पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू शेतात एकरी चार-पाच क्विंटल होतो, म्हणजे मोटामोटी एक एकर, एक गाठ. हे वाक्य मुलांच्या डोक्यात कायम राहतं. मग बियाणं, खत, निंदण, फवारणी, वेचणी यांचा खर्च त्या एका गाठीसमोर मांडायचा.

आता भाषा. मराठी शिकून आलेले परदेशी विद्यार्थी बहुतेक पुण्यात शिकलेले असतात. त्यांना "तुम्ही काय करत आहात?" येतं, आणि इथे ऐकू येतं "काय करून राह्यले?" पहिल्या संध्याकाळी तासभर फक्त एवढंच शिकवा. मला, तुला, त्याला यांचं मले, तुले, त्याले होतं. ळ चा य होतो, म्हणून डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. ण चा न होतो, म्हणून पानी आणि कोन. "का" ऐवजी "काऊन". येजो, जाजो, सांगजो ही आज्ञा नसते, पुढे कधीतरी करायची प्रेमाची सूचना असते. शेत म्हणजे वावर, शेंगदाणे म्हणजे फल्ली, बटाटा म्हणजे आलू, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर. पोट्टं म्हटलं तर ती शिवी नाही. पूर्वेकडे झाडी बोली लागते, मेळघाटात कोरकू, यवतमाळ-गडचिरोलीकडे कोलामी आणि गोंडी. तिथे मराठी हीच घरच्यांसाठी दुसरी भाषा आहे, हे मुलांना आधी सांगा. हाक मारताना काका, मावशी, आजी, भाऊ, ताई. नुसतं नाव नको.

मुलाखतीत सगळ्यात जास्त फसगत "उत्पन्न" या शब्दाने होते. विद्यार्थी विचारतो, "तुमचं वर्षाचं उत्पन्न किती?" शेतकरी सांगतो, "पाच क्विंटल." त्याने पिकाचं सांगितलं, याने पैशाचं विचारलं होतं. पैशाचाच अर्थ लागला तरी खरा आकडा येत नाही, कारण उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लगेच डोळ्यापुढे येतं. त्यापेक्षा वस्तू विचारा. खताची पोती किती? निंदणाला बाया किती, दिवस किती, मजुरी काय? कृषी केंद्राची, म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानाची, उधारी कधी फेडली? हिशोब आपण रात्री बसून करायचा. "पाहू" हे उत्तर आलं तर तो नकार समजा आणि पुन्हा विचारू नका. दुभाष्याला एकच शिस्त लावा: वाक्य संपलं की भाषांतर. नाहीतर बाई पाच मिनिटं बोलते आणि वहीत उतरतं, "ठीक आहे म्हणते."

वेळ कोणती, हेही शिकवावं लागतं. वेचणीच्या दिवसांत बाया संध्याकाळी घरी येतात त्या सरपण, पाणी, भाकरीच्या मागे असतात. त्या वेळी वही घेऊन उंबऱ्यात उभं राहणं म्हणजे त्यांच्या झोपेतला तास खाणं. वावरात दुपारी झाडाखाली शिदोरी सोडतात ती अर्ध्या तासाची वेळ चांगली, पण आपली भाकरी आपण घेऊन जायची.

एका विषयावर मी ठाम आहे. विदर्भ म्हटलं की या मुलांच्या मनात शेतकरी आत्महत्या हा शब्द आधीच असतो, आणि पहिल्याच घरात तो प्रश्न तोंडावर येतो. तो विचारायचा नाही, हे गावात पाय ठेवण्याआधी स्पष्ट सांगा. एखाद्या घराने आपणहून विषय काढला तर पेन खाली ठेवायचं, रेकॉर्डर बंद करायचा आणि ऐकायचं. कापूस विकल्यावर पहिला पैसा कोणाचा सुटतो, बँकेचा, कृषी केंद्राचा, की सावकाराचा, हे ज्याला नीट कळलं त्याला त्या दुःखाची कारणं दारोदार विचारत फिरावं लागत नाही.

राहण्याचं थोडक्यात. परदेशी पाहुणा ज्या घरी उतरेल त्या घराने चोवीस तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. घरच्यांना ते जमणार नाही, म्हणून प्रत्येक घरासाठी तुम्ही बसून करा आणि पोलीस ठाण्यालाही कळवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय भारतात आणता येत नाही. ट्रेकिंग करणारी मुलं ते सवयीने बॅगेत टाकतात, म्हणून महिनाभर आधी लिहून कळवा. जमिनीवर झोपणाऱ्यांना मच्छरदाणी गादीखाली खोचायला लावा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत तो प्रश्न आहे, तिथे पाण्याचा तपासणी अहवाल आधी पाहा. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. फवारलेल्या वावरात त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कोणी पाय ठेवायचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, ते कारण मुलांना सांगूनच हा नियम घाला.

पैशाचं उघड ठेवा. घरांना देण्याची रक्कम ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर ठरवा आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या खात्यात जमा करा. ज्यांच्याकडून शिकलो त्या वेचणाऱ्या बायांना, जिनिंगच्या फिटरला, सापळा दाखवणाऱ्या शेतकऱ्याला शिक्षकाचं मानधन द्या आणि विद्यापीठाच्या कागदावर त्यांची नोंद शिक्षक म्हणूनच करा. विद्यार्थ्यांनी परस्पर भेटवस्तू वाटायच्या नाहीत. एका घरात कॅमेरा आणि शेजारी काही नाही, यातून गावात वर्षभर पुरेल एवढी कुरबुर होते.

परीक्षा शेवटच्या आधीच्या संध्याकाळी, समाजमंदिरात. जेवणं उरकून आठच्या पुढे. प्रत्येक गटाने एक पान मराठीत लिहायचं, मोठ्या अक्षरात: एका एकराचा खर्च, एका गाठीचा हिशोब, बोंडांची मोजणी. ते भिंतीवर लावायचं आणि गावाने तपासायचं. आकडे चुकलेले असतात. निंदणाच्या बाया कमी धरलेल्या असतात, घरच्या माणसाची मजुरी लावलेलीच नसते, बैलजोडीचा चारा सुटलेला असतो. लोक उठून भिंतीपाशी येतात आणि सांगतात. विद्यार्थ्यांनी तिथेच लाल पेनाने दुरुस्त्या करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुरुस्त पानांची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक शाळेत ठेवून मगच बसमध्ये चढायचं.