तिसरा डबा खाली का पडतो?

दिवसभर टॅलीत नोंदी करणाऱ्या बाईला वेबपेजची उठाठेव कशाला? तर आईसाठी. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी ती वहीत लिहून घेते आणि दर वर्षी कुणाची तरी अर्धा किलो चकली राहून जाते. धडे बघून वेबपेज करायला शिकत होते, सरावाला काहीतरी हवंच होतं, म्हणून तिचीच यादी घेतली. पानावर काय असेल ते सांगणारं एचटीएमएल एका रविवारात उरकलं. ते कसं दिसेल हे ठरवणाऱ्या सीएसएसने तीन आठवडे खाल्ले.

पहिलं भांडण डब्यांशी. चिवडा, चकली, करंजी असे तीन डबे एका ओळीत हवे होते. बाहेरची चौकट ९६० पिक्सेलची, म्हणून प्रत्येकाला ३२० दिले. हिशेब चोख. तरी करंजी खालच्या ओळीत. आई मागून डोकावून म्हणाली, "अगं, करंज्या का खाली पडल्या?" दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी ब्राउझरमधलं मापं दाखवणारं इन्स्पेक्ट उघडून डब्यावर माउस नेला, तर रुंदी ३६२! मी दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि एकेक पिक्सेलची बॉर्डर (कड) दिली होती, आणि ब्राउझर ती ३२० च्या वर धरत होता. मी डब्यासकट वजन सांगत होते, तो नुसत्या मालाचं समजत होता. 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स', म्हणजे पॅडिंग-बॉर्डर रुंदीतच धर, ही ओळ सगळ्यांत वर टाकली आणि करंजी जागेवर आली. मुळातच तशी पद्धत का ठेवली नाही, हे मला अजून पटलेलं नाही. मग हौसेने डब्यांमध्ये १६ पिक्सेलचा गॅप दिला. पुन्हा पडली. दोन फटींचे ३२ आणायचे कुठून? डबे ३०० चे केले.

रंग, गोल कोपरे वगैरे मजेत झालं. (एक अर्धविराम राहिला आणि तासभर चिवडा पिवळा होईना, ते सोडा.)

शीर्षकाने मात्र छळलं. धड्यातल्या इंग्रजी शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) ३ पिक्सेल आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १ होती, फार ऐटदार दिसायचं. तेच 'साजूक तुपातले बेसनाचे लाडू'ला लावलं आणि शिरोरेघेचे तुकडे पडले, अक्षरं दातांत फटी असल्यासारखी. फोनवर ओळ मोडली तर 'तुपातले'चा उकार थेट 'बेसना'च्या मात्रेत घुसला. लेटर-स्पेसिंग काढून टाकलं, लाइन-हाइट १.६ केली. नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये 'लाडू'चा ल हिंदी वळणाचा येत होता. एचटीएमएलच्या टॅगमध्ये भाषा 'एमआर', म्हणजे मराठी, लिहिल्यावर आपला पाकळ्यांचा ल आला. यातलं काहीच धड्यात नव्हतं.

आईला फोनवर दाखवलं. अंगठ्याने दोनदा वरखाली करून ती म्हणाली, "आणि अनारसे?"

आता ९६० मध्ये चार डबे. तीन फटींचे ४८ गेले, उरले ९१२, म्हणजे २२८ चा एक.