हान्वा ईगल्स २०२६: बॅट भारी, गोलंदाजीचं काय?

आज दिवसभर दक्षिण कोरियाच्या बेसबॉल लीगमधल्या, डेजॉन शहराच्या हान्वा ईगल्सचा नवा संघ डोक्यात घोळतोय. २०२५मध्ये अंतिम मालिकेत एलजी ट्विन्सकडून ४-१ हरले. शेवटचं विजेतेपद १९९९चं.

खरी अडचण गोलंदाजीची. कोडी पॉन्स (१७ विजय, २५२ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आणि रायन वाइस (१६ विजय) दोघेही अमेरिकेतल्या लीगकडे परतले. म्हणजे गेल्या हंगामातल्या ८३ विजयांपैकी ३३ मिळवून देणारे हात गेले. आता ओवेन व्हाइट, विल्केल हर्नांडेझ आणि यंदापासून सुरू झालेल्या आशियाई कोट्यातला (प्रत्येक संघाला आशिया-ऑस्ट्रेलियातला एक जादा परदेशी खेळाडू) तैवानचा डावखुरा वांग येन-चेंग. र्‍यू ह्यून-जिन ३९चा, त्यामुळे तरुण मून डोंग-जूवरच भार पडणार. आणि शेवटच्या इनिंगला किम सॉ-ह्यून: गेल्या वर्षी ३३ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवलेले सामने), पण हंगाम संपता संपता पार ढेपाळला. त्याच्या मागे दुसरा माणूस आधीच ठरवून ठेवायला हवा.

फलंदाजीत कांग बेक-हो आला, ४ वर्षांसाठी कमाल १० अब्ज वॉन. बॅट दणकट, पण क्षेत्ररक्षणात त्याला उभा कुठे करायचा? शिवाय तो डावखुरा, म्हणजे जोरदार फटके बहुधा उजवीकडे, आणि घरच्या मैदानात नेमकी उजवीकडेच ८ मीटर उंच भिंत. इतरत्र भिंतीपार जाऊन होम रन ठरणारे सपाट फटके इथे भिंतीवर आदळतात आणि फलंदाज दुसऱ्या बेसवरच थांबतो.

माझ्या मते संघ पहिल्या पाचात नक्की, पहिल्या दोनात अवघड.