बायपास, बिघडलेले ठोके आणि माशाचं तेल

बायपासनंतरचा दुसरा-तिसरा दिवस आम्ही आयसीयूवाले जरा धास्तावूनच काढतो. नळ्या निघालेल्या असतात, पेशंट खुर्चीत बसून चहा घेतो, नातेवाईक निर्धास्त होतात आणि नेमका तेव्हाच मॉनिटर ओरडतो. मालवणच्या काकांचं तसंच झालं. ठोके दीडशेच्या घरात, तेही अनियमित. ईसीजीवर पी-वेव्ह, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या नियमित ठोक्याची खूण, गायब. एट्रिअल फिब्रिलेशन: वरचे कप्पे लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरतात. बीपी टिकून होतं म्हणून ठोके ताळ्यावर आणायला विजेचा शॉक द्यायची वेळ आली नाही. पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढलं, लय सुधारणारं अमिओडेरोन हे औषध सुरू केलं.

बाहेर मुलगा उभा. हातात माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची भलीमोठी बाटली, परदेशातून मागवलेली.

"मॅडम, मी आधीच म्हणत होतो, हे द्या. यातल्या ओमेगा-थ्रीने ठोके बिघडत नाहीत म्हणे."

म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. 2005 साली इटलीतल्या 160 बायपास पेशंटांच्या अभ्यासात हा त्रास 33 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आला होता. एवढा फरक पाहून कोणीही हुरळून जाईल. पण मग 'ओपेरा' चाचणी झाली: अमेरिका, इटली आणि अर्जेंटिनातले 1516 पेशंट, ऑपरेशनआधीच्या काही दिवसांत एकूण 8 ते 10 ग्रॅम, नंतर रोज 2 ग्रॅम. 2012 साली निकाल आला. तेल घेणाऱ्यांत 30.0 टक्के, माशाच्या तेलाऐवजी तुलनेसाठी नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत 30.7. म्हणजे फरक नाहीच. पुढे हृदयविकार टाळण्यासाठी वर्षानुवर्षं रोज 4 ग्रॅम दिलेल्या चाचण्यांत तर एट्रिअल फिब्रिलेशन थोडं जास्तच आढळलं. हे ऐकून मुलाने बाटली हळूच पिशवीत सारली.

काका मात्र खुशीत. "जल्मभर बांगडे खाल्लंय, आता तेल कित्याक व्हया?"

सिस्टर हसल्या. मीही हसले, पण बांगड्यांनीही काकांचे ठोके सांभाळले नव्हते, हे मनात आलंच. हृदयाला हात लागलेला, आवरणाला सूज, अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळलेलं, त्यात वय सत्तरीपलीकडचं. एवढं सगळं एका कॅप्सूलने थोपवायचं म्हणजे जरा जास्तच अपेक्षा.

पहाटे लय पूर्ववत झाली. मुलाने पुन्हा गाठलं, "मग टाळायला काय करायला हवं होतं?"

बीटा-ब्लॉकर, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरचा जोर रोखणारं औषध, मी म्हटलं. आणि काकांचं मेटोप्रोलॉल, त्यातलंच एक, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा चुकलेलं नव्हतं. त्याने धोका कमी होतो, जात नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग अमिओडेरोन किती आठवडे चालणार ते लिहून घेऊ लागला.